मोरियरांची घरे आणि ताऱ्यांपलीकडचे पूर्वज

ओसाड माळावर एखादा मोठा दगड उभा दिसला की तो कोणी उभा केला, हा प्रश्न मनात येतोच. आणि उत्तर देणारे कोणी जवळ नसले म्हणजे माणूस स्वतःच ते तयार करतो. आपल्याकडे असले काम बहुधा पांडवांकडे जाते. डोंगरातली लेणी पांडवांनी वनवासात कोरली, कातळातला खळगा भीमाच्या गुडघ्याचा, आणि गावचे जुने देऊळ एका रात्रीत बांधून झाले. कोंबडा आरवला म्हणून शिखर तेवढे राहिले. आपल्यापूर्वी येथे आपल्याहून थोर असे कोणी नांदून गेले, ही कल्पना भयाची आहे तशीच गोडीचीही आहे.

ही जुनी हौस आता एका अगदी नव्या जागी पाहावयास मिळते. आमच्याकडे गायन शिकावयास येणाऱ्या मुलांपैकी दोघे संगणकावरच्या खेळांचे शौकीन आहेत. तंबोरे जुळेपर्यंत त्यांचा जो वाद चालतो, त्यात 'प्रोथियन' हा शब्द इतक्यांदा कानांवर पडू लागला की, हे कोणी युरोपातले घराणे असावे असे आम्हांस प्रथम वाटले. चौकशी करता कळले की, 'मास इफेक्ट' नावाचा एक खेळ आहे. कॅनडातील एडमंटन शहरच्या 'बायोवेअर' या कंपनीने तो २००७ साली काढला व २०१० आणि २०१२ साली त्याचे पुढचे भाग आले. खेळ म्हटला तरी त्यात एक लांबलचक कादंबरीच आहे; फरक इतकाच की नायक कोणत्या वाटेने जाणार, हे पुष्कळसे खेळणाराच ठरवितो.

कथा बाविसाव्या शतकातली. माणसाला मंगळावर एका लुप्त जातीचे अवशेष सापडतात. हेच ते प्रोथियन. पन्नास हजार वर्षांपूर्वी त्यांचे राज्य ताऱ्याताऱ्यांवर पसरले होते आणि मग ते एकाएकी नाहीसे झाले. ताऱ्यांमधले अंतर क्षणात ओलांडू देणारी प्रचंड यंत्रे आणि 'सिटाडेल' हे अवकाशातले राजधानीचे नगर त्यांनीच उभारले, असे सर्व विद्वान मानतात. खेळाच्या शेवटाशेवटास उघड होते की प्रोथियन बिचारे तेथले भाडेकरूच! ती यंत्रे त्यांच्याही फार पूर्वीच्या 'रीपर' नावाच्या यंत्रजातीने मांडून ठेवलेली. पीक तयार झाले की कापणी करावी, तशी ही जात दर पन्नास हजार वर्षांनी येऊन नांदत्या संस्कृती कापून नेते.

पण आम्हांस खेळाहून त्याच्या चाहत्यांचे कौतुक अधिक वाटले. दोन भागांच्या मधल्या वर्षांत या मंडळींनी तर्कांचे डोंगर रचले. पहिल्या भागात इलोस नावाच्या ओसाड ग्रहावर काही मूर्ती दिसतात, चेहऱ्यावर सोंडेसारखे तंतू असलेल्या. ग्रह प्रोथियनांचा, तेव्हा मूर्तीही त्यांच्याच, हे सर्वांनी धरून चालले व त्यावरून प्रोथियनांची चित्रे काढली. २०१० साली दुसऱ्या भागाने त्यांचे खरे रूप दाखविले, ते अगदीच वेगळे निघाले. तिसऱ्या भागात एक जिवंत प्रोथियन, जाविक त्याचे नाव, झोपेतून उठविला जातो. चाहत्यांच्या मनातला प्रोथियन शांत, ज्ञानी, ऋषितुल्य. हा निघाला साम्राज्याचा कडवा शिपाई, इतर जातींना तुच्छ लेखणारा. आणि इलोसवरच्या त्या मूर्ती? त्या त्याच ग्रहावर प्रोथियनांच्याही आधी नांदलेल्या इनुसॅनन जातीच्या ठरल्या.

'हेलो' नावाचा २००१ सालापासूनचा दुसरा एक खेळ आहे. त्यातले लुप्त 'फोररनर' म्हणजे आपणच, मानवजातच, असे अनेक चाहते वर्षानुवर्षे पुराव्यांसह सांगत. २०११ साली ग्रेग बेअर या कादंबरीकाराने त्याच कथाविश्वावर लिहिताना दोन्ही जाती स्पष्टपणे वेगळ्या केल्या. थोडी कुरकुर झाली, पण लोकांनी मानले.

हा सारा पोरखेळ आहे असे म्हणून सोडून देता आले असते. पण आमच्याच मुलखात हुबेहूब असला खेळ घडला आहे, आणि तो खेळणारांत एक मोठे नाव आहे.

गुलबर्ग्याहून जेवरगीवरून शहापूर-सुरपूरकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. शहापूरजवळ डोंगराची रेघ उताण्या निजलेल्या बुद्धासारखी दिसते व येणारेजाणारे गाडी थांबवून ती पाहतात. तो डोंगर कोणी कोरलेला नाही. त्याच्या जवळच्या विभूतीहळ्ळीस मात्र कोणी फारसे थांबत नाही. तेथे माळावर मोठाले धोंडे रांगांनी मांडलेले आहेत, पटावर सोंगट्या मांडाव्या तसे. सुरपूर तालुक्यात हणमसागरला अशाच रांगा आहेत. मुळात तेथे सुमारे अडीच हजार दगड असावेत असा अंदाज आहे. राजनकोळूरला दगडी फळ्यांची छोटी छोटी घरे आहेत, आणि काहींच्या एका फळीस वाटोळे भोक. शहापूर-सुरपूर हे तालुके पूर्वी आपल्याच जिल्ह्यात होते. यादगीर जिल्हा झाल्यापासून तिकडे गेले.

या सर्वांची पहिली नीट पाहणी केली ती कॅप्टन मेडोज टेलर यांनी. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला हा गृहस्थ लहान वयात निजामाच्या चाकरीस लागला. सुरपूरचा राजा अज्ञान असताना टेलर यांनी तेथला कारभार पाहिला. पुढे नळदुर्गचा जिल्हा त्यांच्याकडे आला, म्हणून मराठवाड्यातही त्यांची आठवण आहे. ठगाच्या जबानीची त्यांची कादंबरी १८३९ ची. सुरपूरचे लोक त्यांना 'महादेव बाबा' म्हणत आणि त्यांचा बंगला 'टेलर मंझिल' म्हणून आजही दाखवितात. जेवरगीच्या बाजूची दगडी वर्तुळे त्यांनी उकरली. आत अस्थी, मडकी, लोखंडाच्या वस्तू निघाल्या. त्यांनी मोजमापे घेतली, चित्रे काढली, आणि मग थेट निष्कर्ष काढला की आयर्लंड-ब्रिटनीमध्ये असेच दगड आहेत, त्या अर्थी केल्टांचे ड्रुइड पुरोहित किंवा मध्य आशियातले शक येथे आले असले पाहिजेत! आयर्लंडच्या रॉयल अकादमीपुढे १८६० नंतरच्या दशकात मांडलेल्या त्यांच्या निबंधाच्या मथळ्यातच हे तिन्ही शब्द आहेत.

टेलर यांची मोजमापे अजून उपयोगी पडतात; ड्रुइड केव्हाच वारले. दगड सारखे दिसले म्हणजे हातही एकच असले पाहिजेत असे नाही. मेलेल्या माणसावर मोठा दगड ठेवावा, ही कल्पना दहा मुलखांत दहा वेळा स्वतंत्रपणे सुचू शकते. दक्षिणेतली ही स्मारके बहुतांशी लोहयुगातली, ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाच्या आसपासची, आणि येथल्याच लोकांची आहेत. त्यांतली पुष्कळशी थडगी आहेत. विभूतीहळ्ळी-हणमसागरच्या रांगा कशासाठी होत्या, यावर मात्र अजून एकमत नाही. केंब्रिजचे रेमंड ऑल्चिन यांनी १९५६ साली त्यांवर लेख लिहिला. सूर्याच्या उदयास्तावरून ऋतू ओळखण्यासाठी त्या असाव्यात, असेही काही अभ्यासकांस वाटते.

आता गावकऱ्यांचा तर्क ऐका. या दगडी घरांना कानडी लोक 'मोरियर मने' म्हणतात, म्हणजे मोरियांची घरे. मोरिय कोण? तर फार पूर्वीची बुटक्यांची जात. तर्काची वाट उघड आहे. घर कमरेइतके, दार टीचभर, मग राहणारे वीतभरच असणार! घर हे थडगे असू शकेल, हे मनात न आल्यामुळे एक अख्खी जात जन्माला आली. पण नावाकडे लक्ष द्या. 'मोरिय' हे 'मौर्य' याचे प्राकृत रूप. पाटलिपुत्राचे सम्राट येथल्या लोकांच्या आठवणीत कोठे तरी शिल्लक राहिले, पण दोन हजार वर्षांत झिजून झिजून बुटके झाले. घरे बहुतेक त्यांच्याही आधीची. पत्ता चुकला, पण नाव अस्सल होते असे म्हणावेसे वाटते.

मौर्य येथे खरोखर पोचले होते का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या कुलदेवीच्याच दारी मिळाले. चित्तापूर तालुक्यात भीमाकाठी सन्नतीची चंद्रलांबा. आपल्याकडची किती मराठी घराणी लग्नमुंजीनंतर तेथे जातात हे सांगणे नलगे. १९८० नंतरच्या दशकात त्या आवारातील कालीच्या देवळाचे छत कोसळले, मूर्ती भंगली, आणि खालून अशोकाच्या आज्ञा कोरलेली शिळा निघाली. देवीचे बैठकच ते! कलिंगासाठी म्हणून लिहिलेल्या ज्या खास आज्ञा ओरिसात धवली आणि जौगड येथे तेवढ्या माहीत होत्या, त्या येथे सापडल्या. जवळच कनगनहळ्ळीच्या स्तूपात राजाराणीचे शिल्प मिळाले व त्यावर ब्राह्मीत 'राया असोको' असे नावही. पिढ्यान् पिढ्या आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या दगडापुढे डोके टेकले, तो सम्राटाचा हुकूमनामा होता, आणि हे कोणालाच ठाऊक नव्हते. इलोसच्या मूर्तींची गोष्ट मुलांनी सांगितली तेव्हा आम्हांस सन्नतीचीच आठवण झाली; आणि सन्नतीची गोष्ट मुलांना सांगितली तेव्हा वादात असलेले दोघेही पाच मिनिटे गप्प होते, हेही नमूद करतो.

परग्रहवासीयांची कल्पना मराठी घरात संगणकाबरोबर आली असे नाही. एरिक फॉन डॅनिकेन या स्विस लेखकाचे १९६८ चे पुस्तक जगभर गाजले; देव म्हणजे अंतराळातून आलेले पाहुणे, असे त्याचे म्हणणे. मराठीत डॉ. सुरेशचंद्र नाडकर्णी यांचे 'पृथ्वीवर माणूस उपराच!' आणि बाळ भागवत यांचे 'देव? छे! परग्रहावरील अंतराळवीर!' ही पुस्तके वाचनालयांतून पाने सुटेपर्यंत फिरली. आम्हीही शाळकरी वयात ती रात्र जागवून वाचली. जयंत नारळीकरांनी याच कल्पनेला 'वामन परत न आला' या कादंबरीत हात घातला, तेथेही जमिनीच्या पोटातून एका प्राचीन प्रगत संस्कृतीची पेटी निघते. पण त्यांनी ते कादंबरी म्हणून लिहिले, आणि कादंबरी म्हणूनच वाचावयास दिले. एवढी एक रेघ आखली की बाकी सारी मौज खुशाल करावी.

रेघ न आखल्यास काय होते ते वेरूळला दिसते. कैलास लेणे माणसाच्या हातून होणे शक्य नाही, परग्रहावरच्या यंत्रांनी ते कापले, असे सांगणारी चित्रे आता घरोघर मोबाइलवर फिरतात. ते ऐकून आम्हां गुलबर्गेकरांस तरी राग यावयास हवा. कैलास खोदविणारा राष्ट्रकूट कृष्ण पहिला, आठव्या शतकातला. आणि त्याच घराण्याची पुढची राजधानी मान्यखेट म्हणजे सेडम तालुक्यातले आपले मळखेड. सिमेंटच्या कारखान्यापलीकडे त्या गावाची आज कोणास ओळख नाही, हा भाग निराळा. राष्ट्रकूटांच्याच नवव्या शतकातल्या, बडोद्यास मिळालेल्या ताम्रपटात या देवळाचा उल्लेख आहे. विमानांतून जाणारे देव ते पाहून थक्क झाले, आणि खुद्द शिल्पीही 'हे माझ्या हातून झाले कसे?' म्हणून चकित झाला, अशा अर्थाचे वर्णन त्यात आहे. विमाने दिसताच आमचे नवे संशोधक उडी मारतील! परंतु त्या वर्णनात देव बघे आहेत आणि करणारा माणूस आहे. आपली कृती पुरी झाल्यावर आपणच अवाक् होऊन तिच्याकडे पाहत राहावे, हा अनुभव ज्या गवयाची एखादी बैठक रंगली आहे त्यास समजावून सांगावा लागत नाही.

मराठीत याचीही एक लोककथा आहे. 'कथाकल्पतरू'त कृष्ण याज्ञवल्की सांगतात की, देवळाचे शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा नेम राणीने केला. कारागीर हवालदिल झाले. तेव्हा पैठणचा कोकस पुढे आला आणि त्याने आधी शिखरच घडविले. आठवड्यात राणीचा उपास सुटला. कथेतला आठवडा सोडून द्या. पण कैलास वरून खाली कोरले आहे, पाया शेवटी आला, हे कामाचे मर्म त्या कथेने अचूक धरून ठेवले. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी या कथेकडे मुद्दाम लक्ष वेधले होते.

संगीतात तरी आम्ही काय निराळे वागतो? सतार अमीर खुश्रोने काढली, तबलाही त्यानेच पखवाज मधोमध कापून केला, हे अजून परीक्षेच्या पेपरांत लिहिले जाते व त्यास गुण मिळतात. खुश्रो १३२५ साली वारला. सतारीचा उगम अठराव्या शतकातल्या दिल्लीच्या खुश्रो खाँ नावाच्या कलावंताशी जोडणारे पुरावे अभ्यासकांनी पुढे मांडले आहेत. नाव सारखे, माणूस निराळा. थोर नाव जवळ असले की धाकट्याची कमाई त्याच्या खाती जमा होते. देवगिरीच्या गोपाल नायकाचे गाणे खुश्रोने सिंहासनाखाली लपून ऐकले व जसेच्या तसे गाऊन दाखविले, ही कथाही तशीच. देवगिरीच्या बाजूने विचार केला तर ती चोरीची फिर्याद आहे, असे आमचे जुने उस्ताद हसत म्हणत.

बुटके, ड्रुइड, परग्रहवासी हे सारे बाजूस ठेवले म्हणजे आपल्या मुलखात काहीच नवलाचे उरत नाही, असे मात्र समजू नये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. के. पद्दय्या यांनी आयुष्याची कित्येक वर्षे सुरपूरच्या दुआबात पायी फिरून काढली. तेथल्या बुदिहाळला राखेचा मोठा ढिगारा आहे. असे ढिगारे कृष्णा-तुंगभद्रेच्या मुलखात पुष्कळ. हंपीजवळच्यास वालीच्या चितेची राख म्हणतात, बळ्ळारीकडच्यास भीमाने मारलेल्या राक्षसाची. साहेबांपैकी कोणास ते ज्वालामुखी वाटले. ऑल्चिन यांनी उतनूरला खणून दाखविले की ही जळालेल्या शेणाची राख. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गुराख्यांचे गोठे तेथे होते. बुदिहाळनेही गाईगुरांच्या वस्तीचीच साक्ष दिली. राक्षसाऐवजी गुराखी निघाला म्हणून ज्याची निराशा होते, त्याने एवढी राख साठावयास किती पिढ्यांची गुरे लागली असतील याचा हिशेब करून पाहावा.

आणि ज्यांना 'दुसरी जात'च हवी आहे, त्यांच्यासाठी हुणसगीजवळचे इसामपूर आहे. पद्दय्यांनी तेथे उत्खनन केले तेव्हा चुनखडीच्या लाद्या फोडून हातकुऱ्हाडी घडविण्याची एक जागाच उघडी पडली. दगड, छिलके, अर्धवट टाकून दिलेली हत्यारे, जणू कारागीर आताच उठून गेले. तेथे मिळालेल्या जनावरांच्या दातांवरून त्याचा काळ सुमारे १२ लाख वर्षे असा निघाला. आपली मानवजात अस्तित्वात येऊन तीन लाख वर्षेच झाली असावीत. म्हणजे इसामपूरचे कारागीर आपण नव्हेत. आपल्या आधीची, आपल्यासारखीच दोन हातांची, पण वेगळी मानवजात ती. प्रोथियनांना पन्नास हजार वर्षेच झाली होती! शहाबादी फरशीवर ज्यांचे बालपण रांगले, त्या आपण मंडळींनी हे तरी ध्यानात घ्यावे की, भीमा-कृष्णेच्या काठी चुनखडीची लादी फोडण्याचा धंदा आपल्याहून जुना आहे.

ते गात होते की नाही हे कळावयास मार्ग नाही. पण फार नंतरच्या लोकांचे एक वाद्य मात्र हाती लागले आहे. बळ्ळारीजवळ संगनकल्लू-कुपगलच्या टेकडीवर काळ्या दगडांवर वाटीएवढे गुळगुळीत खळगे आहेत. खळग्यात दुसऱ्या दगडाने ठोकले की घंटेसारखा नाद निघतो. निकोल बॉयव्हिन या विदुषींनी २००४ साली त्यावर लिहिले व नवाश्मयुगातली माणसे हे दगड मुद्दाम वाजवीत असावीत, असे मत दिले. त्याच टेकडीचा काही भाग खडीच्या खाणींनी खाल्ला आहे, हेही त्यांनी तेव्हाच सांगितले होते. कोप्पळ जिल्ह्यात गंगावतीजवळ हिरेबेणकलचा डोंगर आहे. तेथे शेकडो दगडी घरे अजून उभी आहेत. त्यांनाही मोरियरांचेच नाव. २०२१ साली जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत ते आले. तेथे एका उंच धोंड्यावर नगाऱ्याच्या आकाराचा अर्धगोल दगड आहे, दोन मीटरांहून रुंद. लाकडी हातोड्याने ठोकला की आवाज किलोमीटरभर जातो म्हणतात. चढण अवघड आहे, पाणी बरोबर न्यावे.

अशा जागांना परग्रहवासीयांची गरज नाही, राखणदाराची आहे. हणमसागरच्या शेतांतून किती दगड बांधाला गेले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. खेळाच्या चाहत्यांचे एक बरे असते. पुढचा भाग येतो, कर्ता उत्तर सांगतो, आणि तर्क चुकला तर ते मुकाट मान्य करतात. डॅनिकेनचा वाचक ते कधी करीत नाही, म्हणून आम्ही आमच्या दोन्ही मुलांचा पक्ष घेतो. पण हणमसागरचा कर्ता दुसरा भाग काढणार नाही. त्याने जे सांगावयाचे ते दगडांच्या जागेत सांगून ठेवले आहे. जागा हलली की वाक्य पुसले.

उलट बाजूनेही एक गंमत घडून गेली आहे. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' ही दोन याने सोडली व प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी ठेवली. कधी काळी कोणा परग्रहवासीयास सापडलीच, तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून. तीत सबंध जगातल्या सत्तावीस संगीतरचना आहेत. त्यांत हिंदुस्थानी रागदारीची एकच, गोव्याच्या केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी. याने निघाली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई गेल्या. दोन्ही याने आता सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या अवकाशात आहेत. कोट्यवधी वर्षांनी ती तबकडी कोणाच्या हाती लागली, तर प्राचीन लुप्त जात म्हणजे आपण. आणि तिच्याविषयी तर्क करणारे ते. या जातीस स्वर किती होते, हा एकच जीव होता की अनेक, मागे जे ठोके ऐकू येतात ते तिच्याच अंगातून निघत की काय, यावर त्यांच्यातही तट पडतील. जयपूर-अत्रौली घराण्याचा मुद्दा काढणारा कोणी त्यांच्यात निघेल का, असे धाकट्या मुलाने विचारले. थोरला म्हणाला, आधी त्यांना कान आहेत की नाही ते ठरू दे.